रिकामी ठेवलेली जागा

वसईकडच्या एका चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या दुपारी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझी नजर क्रुसाआधी एका छोट्याशा उघड्या दारावर खिळली.

वेदीच्या मागे भिंतीत एक पेटी बसवलेली होती. पितळी दार, एरवी कायम कुलूप. आत पवित्र साक्रामेंत, म्हणजे मिस्सेत अर्पण झालेली भाकर. कॅथलिक माणसाच्या लेखी खुद्द प्रभू. शेजारी रात्रंदिवस एक लहान दिवा तेवतो, घरात माणूस आहे हे सांगावं तसा. त्या दुपारी दिवा विझलेला होता, दार सताड उघडं होतं आणि आत काही नव्हतं. वेदीवरची कापडं, फुलं, मेणबत्त्या सगळं उचललेलं. नुसता उघडा दगड. गुरुवारच्या संध्याकाळपासून घंटाही मुक्या. त्यांच्या जागी एक पोरगा लाकडी फळी खडखडवत होता आणि तो कोरडा आवाज छताला आपटून परत येत होता.

शेजारी मित्राच्या आई बसल्या होत्या. आदल्या पावसाळ्यात त्यांचे यजमान गेले होते.

"काकू, ती पेटी उघडी राहिली वाटतं," मी कुजबुजलो.

"राहिली नाही," त्या समोर बघतच म्हणाल्या. "ठेवलीय."

मी तिथे वेगळ्याच समजुतीने गेलो होतो. दुःखात माणूस देवाकडे जातो, देव जवळ असल्याचं त्याला जाणवतं, डोळे पुसले जातात. सगळ्या धर्मांत थोड्याफार फरकाने हेच असणार, असं मला वाटायचं. आणि इथे तर वर्षातल्या सगळ्यात दुःखाच्या दिवशी देवाचीच जागा मुद्दाम रिकामी करून, दार उघडं टाकून, लोकांना तिच्यासमोर बसवलं होतं. या दिवशी जगात कुठल्याच कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. विधीच्या सुरुवातीला पाद्री वेदीपुढे फरशीवर पालथे पडतात आणि काही वेळ सगळं चर्च नुसतं गप्प राहतं. हा काय प्रकार आहे, या कुतूहलापोटी मी वाचत गेलो. त्या रिकाम्या पेटीचा धागा फार मागे जातो. तो ख्रिस्ताच्याही आधी सुरू होतो.

प्राचीन इस्राएलात कराराचा कोश नावाची एक लाकडी पेटी होती. अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, आतून बाहेरून सोन्याने मढवलेली. मोशेला मिळालेल्या आज्ञांच्या दगडी पाट्या तिच्यात. झाकण सोन्याचं, त्याचं मराठी बायबलमधलं नाव दयासन. झाकणाच्या दोन टोकांना दोन करूब, पंख पसरून एकमेकांकडे तोंड केलेले. आता आपल्यासारख्या देवळात वाढलेल्या माणसाची नजर आपसूक मधे जाते: दोन बाजूंना दोन सेवक म्हणजे मधोमध मूर्ती असणारच. मूर्ती नाही. मधे काहीच नाही. देव मोशेला भेटणार आणि त्याच्याशी बोलणार तो नेमका या दोन करूबांच्या मधल्या मोकळ्या जागेतून, असं निर्गमच्या पुस्तकात सांगितलं आहे.

इ.स.पू. 587 च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, देऊळ पाडलं. कोशाचा पुढे पत्ता लागत नाही. बाबिलोनला नेलेले लोक पुढे परत आले, त्यांनी नवं देऊळ बांधलं, पण आता गाभाऱ्यात पेटीही नव्हती. इ.स.पू. 63 मध्ये रोमन सेनापती पॉम्पी यरुशलेम जिंकून थेट गाभाऱ्यात शिरला. या लोकांनी इतकं जपलेलं आहे तरी काय, हे बघायला गेला असावा. नंतरच्या काळातला रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो की आत देवाची कुठलीही प्रतिमा नव्हती, जागा रिकामी होती. पॉम्पीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय उमटलं असेल, ते पाहायला मला फार आवडलं असतं.

देऊळ पडलं तेव्हाच्या शोकातून पाच कविता उरल्या. मराठी बायबलात त्या पुस्तकाला विलापगीत म्हणतात. हिब्रूत त्याचं नाव पहिल्याच शब्दावरून पडलं आहे, 'एखा', म्हणजे 'कसं'. आपल्याकडेही मयताला आलेली बाई दारातून पहिल्यांदा हेच म्हणते, "कसं हो झालं?" त्या प्रश्नाला उत्तर नको असतं. हृदयविकाराचा झटका, पहाटे साडेचारला, असं कोणी सांगितलं म्हणून तो प्रश्न संपत नाही.

या पाच कवितांची बांधणी अंगावर काटा आणते. हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरं आहेत. पहिल्या कवितेत 22 कडवी, प्रत्येकाचं पहिलं अक्षर ओळीने आलेफ, बेथ, गिमेल असं. दुसरीत आणि चौथीत तेच. तिसरी कविता मधली, तिथे प्रत्येक अक्षराला तीन-तीन ओळी, म्हणजे 66. डोळ्यांदेखत शहर जळलेलं आहे, भुकेने पोरं मेलेली आहेत आणि कवी अक्षरं मोजतो आहे! अभ्यासक याची कारणं देतात: पाठांतराला सोपं जावं म्हणून, किंवा दुःख अगदी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सांगून झालं असं वाटावं म्हणून. मला ती वर्णमाला अंधाऱ्या जिन्याच्या कठड्यासारखी वाटते. पुढचा शब्द सुचत नसेल, तरी पुढचं अक्षर कुठलं ते माहीत असतं; हात तिथपर्यंत नेता येतो.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कवितेत 'अयिन' आणि 'पे' ही दोन अक्षरं उलट क्रमाने येतात. आधी मला वाटलं, शोकात चुकलं असेल. पण जुन्या काही खापरांवर सापडलेल्या वर्णमालांतही हाच क्रम आहे, तेव्हा ती त्या काळची एक रीतच दिसते. पाचव्या कवितेत मात्र खरंच काहीतरी सुटतं. कडवी 22 आहेत, पण अक्षरांचा क्रम नाही. कठडा संपला आहे.

लयीचंही तसंच. कार्ल बुडे या जर्मन अभ्यासकाने 1882 मध्ये दाखवून दिलं की या कवितांतल्या ओळी बहुधा लंगडतात: पहिल्या अर्ध्यात तीन आघात, दुसऱ्यात दोनच. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं प्रत्येक ओळीच्या शेवटी होतं. कान तिसऱ्या ठोक्याची वाट बघतो आणि तिथे रिकामी मात्रा असते.

पाचही कवितांत देव एकदाही समोर येऊन बोलत नाही. लोक बोलतात, शहर एखाद्या विधवेसारखं बोलतं, कवी बोलतो, देव गप्प. फक्त मधल्या कवितेत, शेवटाकडे, कवीला एक आठवण येते. आपण खड्ड्यातून हाक मारली होती, तेव्हा देव जवळ आला होता आणि घाबरू नकोस एवढंच म्हणाला होता. तेवढी एक आठवण. ती पुढे कामाला येणार आहे.

(हेच विलापगीत यहुदी लोक देऊळ पडल्याच्या दिवशी, तिशा बावला, जमिनीवर किंवा बुटक्या बाकांवर बसून मंद उजेडात वाचतात. आपल्या कोकणातले बेने इस्रायलही हा दिवस पाळत आले आणि त्यांनी त्याला नाव दिलं, बिरड्याचा सण. अडीच हजार वर्षांपूर्वीचा यरुशलेमचा शोक आणि मोड आलेल्या वालांचं बिरडं! इतकी घरगुती सांगड मी दुसरीकडे पाहिलेली नाही.)

ख्रिस्ती लोकांनी या कविता उचलल्या आणि क्रुसाच्या आठवड्याला जोडल्या. युरोपातल्या मठांतून आणि मोठ्या चर्चमधून पवित्र आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांसाठी एक अंधाराची उपासना होत असे. तिच्यात गायल्या जाणाऱ्या या कवितांचं लॅटिन भाषांतर करणाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट करून ठेवली होती. लॅटिनमध्ये तो अक्षरांचा क्रम अर्थातच टिकत नाही. मग त्यांनी प्रत्येक कडव्याच्या आधी हिब्रू अक्षराचं नावच लिहून टाकलं. आणि गाणारे ते नावही गायला लागले. इंग्लंडच्या थॉमस टॅलिसने, स्पेनच्या व्हिक्टोरियाने सोळाव्या शतकात या विलापांना चाली लावल्या, त्यातला सगळ्यात लांब, सगळ्यात नाजूक स्वरविस्तार पुष्कळदा या अक्षरांवर आहे. आलेफ. बेथ. अर्थ शून्य. पण आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. राग उभा राहतो तो आलापात, तिथे शब्द कुठे असतात?

या उपासनेत वेदीजवळ एक त्रिकोणी घोडी असते, तिच्यावर 15 मेणबत्त्या. एक स्तोत्र म्हणून झालं की एक मेणबत्ती विझवायची. चौदा स्तोत्रं, चौदा मेणबत्त्या. चर्च हळूहळू काळं होत जातं. त्रिकोणाच्या टोकावरची पंधरावी मेणबत्ती मात्र विझवत नाहीत. ती पेटती तशीच उचलून वेदीच्या मागे लपवतात. आता डोळ्यांपुढे मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात लोक पुस्तकं बाकांवर आपटून धाडधाड आवाज करतात, धरणीकंप झाल्यासारखा. मग ती ज्योत मागून परत आणतात आणि तिच्या उजेडात सगळे न बोलता उठून जातात. 1955 मध्ये रोमने पवित्र आठवड्याचे विधी बदलल्यावर ही उपासना बहुतेक ठिकाणी मागे पडली, काही ठिकाणी अजून होते.

त्यातला तपशील बघा. काळोखात बसलेल्या माणसाला दिवा विझलाय की लपवलाय, हे कळायला काही मार्ग नाही. दोन्ही वेळी त्याला दिसतो तो काळोखच.

आता ती म्हटली जाणारी स्तोत्रं. बायबलमध्ये दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्या संग्रहाचं हिब्रू नाव आहे 'तेहिल्लीम', म्हणजे स्तुती. उघडून बघावं तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त स्तोत्रं तक्रारीची. कुठवर विसरणार आहेस, तोंड का फिरवलंस, झोपलास की काय, माझे वैरी हसताहेत ते दिसत नाही का. आणि हे सगळं देवाच्या तोंडावर, 'तू' म्हणून. मराठीत हे भाषांतर करताना अडचणच येत नाही, कारण आपण देवाला आणि आईला अहो-जाहो करतच नाही. विठोबाशी कडाकडा भांडणारी जनाबाई ज्यांच्या कानात आहे त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

ईयोबाच्या गोष्टीत तर हे उघडच सांगितलं आहे. मुलं मेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. इथपर्यंत ते उत्तम मित्र असतात. पुढे ते तोंड उघडतात आणि पानंच्या पानं देवाची बाजू मांडतात. ईयोब मात्र देवाशीच भांडतो. शेवटी देव निकाल देतो तो ईयोबाच्या बाजूने. आणि देवाची वकिली करणारेच तोंडघशी पडतात! सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने निघण्याआधी ही गोष्ट वाचावी, असं मला अनेक घरांत बसून वाटलेलं आहे.

या तक्रारींच्या स्तोत्रांत एक कोडं आहे. विलाप चालू असतो, चालू असतो आणि अचानक, काहीही कारण न देता, स्तुती सुरू होते. बाविसावं स्तोत्र घ्या. माणूस बैलांनी, कुत्र्यांनी घेरलेला, हाडं निखळलेली, जीभ टाळूला चिकटलेली. रानबैलांच्या शिंगांवर आलेला आहे आणि त्याच ओळीच्या शेवटी, हिब्रू प्रतीत, एकच शब्द येतो: 'अनीतानी'. अर्थ, तू मला उत्तर दिलंस. बस्स. त्यानंतर सगळी कविता आनंदाची. शिंगं आणि उत्तर यांच्या मधे काय घडलं? ओळीत काहीच नाही.

योआखीम बेग्रिख नावाच्या जर्मन पंडिताने 1934 मध्ये यावर एक तर्क मांडला. ही स्तोत्रं देवळात म्हटली जात असणार. दुःखी माणूस गाऱ्हाणं संपवून थांबत असेल, तेव्हा पुजारी पुढे होऊन देवाच्या वतीने त्याला दोन शब्द सांगत असेल: घाबरू नकोस. ते शब्द ऐकून माणसाचा सूर पालटत असेल. पण लिहून ठेवली गेली ती माणसाची बाजू; पुजाऱ्याचे शब्द कागदावर आलेच नाहीत. विलापगीतातली ती एकुलती एक आठवण, हाक मारल्यावर जवळ येऊन घाबरू नकोस म्हटल्याची, या तर्काला बळ देणारी. सगळ्यांना हा तर्क पटलेला नाही आणि तो सिद्ध करता येण्यासारखाही नाही. मला मात्र तेव्हापासून ते स्तोत्र वाचताना त्या एका शब्दाआधी थांबायची सवय लागली आहे. छापील पानावर तिथे साधी मोकळी जागाही नसते.

सगळीच स्तोत्रं अशी वळत नाहीत. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. त्याचा हिब्रूतला शेवटचा शब्द आहे अंधार, आणि तिथेच ते संपतं. अशी कविता कोणीतरी गाळून टाकायला हवी होती, निदान दोन आशेच्या ओळी तरी जोडायच्या! कोणी केलं नाही. उलट कॅथलिक चर्चने ती दर शुक्रवारी रात्री, झोपण्याआधीच्या प्रार्थनेत घातली. जगभरात ही प्रार्थना म्हणणारे आठवड्यातून एकदा अंधार या शब्दाशी येऊन पोचतात आणि झोपायला जातात.

क्रुसावर येशूच्या तोंडी आलं ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलंच वाक्य, देवाने मला का टाकलं असं विचारणारं. मार्क येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, ग्रीकमध्ये लिहितो, पण हा उद्गार मात्र जसाच्या तसा अरामी भाषेत ठेवतो आणि मग त्याचा अर्थ देतो. स्तोत्र मूळ हिब्रूतलं, म्हणजे देवळाच्या, शास्त्राच्या भाषेतलं. येशूची रोजची बोली अरामी. पाठ असलेल्या संस्कृत स्तोत्राची ओळ मरणाच्या वेदनेत कोणाच्या तोंडून त्याच्या घरच्या बोलीत यावी, तसं काहीसं हे आहे. जवळ उभ्या असलेल्यांना ते नीट ऐकूही आलं नाही. त्यांना वाटलं, हा एलिया संदेष्ट्याला बोलावतोय. देवाला मारलेली हाक माणसांना भलतीच ऐकू आली, आणि वरून उत्तर काही आलं नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा सगळ्यात चक्रावून टाकणारा दावा इथेच आहे. देव जाणवत नाही, हा अनुभव देवालाच आला, असं ती म्हणते.

म्हणून आपला नेहमीचा प्रश्न इथे उलटा फिरतो. दुःखात माणसाला देव जाणवतो का, हे सोडाच. देवाला माणूस जाणवतो का? शुभवर्तमानांत यासाठी एक ग्रीक क्रियापद येतं आणि ते येशूसाठी किंवा त्याने सांगितलेल्या गोष्टींतल्या दयाळू पात्रांसाठीच वापरलेलं आहे. नाईन गावाच्या वेशीवर त्याला एक प्रेतयात्रा भेटते. विधवेचा एकुलता एक मुलगा गेलेला. तिला पाहून येशूला जे होतं, त्यासाठी लूक हे क्रियापद वापरतो. कळवळा आला, असं आपण भाषांतर करतो. पण मूळ शब्द निघाला आहे आतड्यांवरून. ग्रीक शिकणाऱ्या युरोपियन विद्यार्थ्यांना हे समजावून सांगायला प्राध्यापकांना बराच वेळ लागत असेल. मराठी बाईला एका क्षणात कळतं: आतडं तुटलं. हिब्रूतला दयेचा शब्द तर गर्भाशयाच्या शब्दाशी नातं सांगतो.

या दोन्ही भाषा शिकून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंना हे सगळं शब्दाशब्दाने भेटलं असणार. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली; मग भाऊ; आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी, 1882 मध्ये, नवराही पटकीने गेला. केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायकामुलींचा संसार सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर केलं. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल मुक्ती मिशनच्या छापखान्यातून 1924 मध्ये बाहेर पडलं. विलापगीताचं काम करत बसलेल्या रमाबाई मला नेहमी एखाद्या तुळईखाली कंदील लावून लिहिताना दिसतात. हे अर्थात माझं कल्पनाचित्र.

रिकाम्या जागेबद्दल विसाव्या शतकात ज्याने सगळ्यात धीट विधान केलं तो तुरुंगात होता. डीट्रिख बॉनहोफर, जर्मन पाद्री, हिटलरविरोधी कटात सामील. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून त्याने 24 डिसेंबर 1943 ला आपल्या जिवलग मित्राला आणि त्याची बायको असलेल्या आपल्या भाचीला पत्र लिहिलं. आपलं माणूस नसतं तेव्हा त्याची जागा कशानेच भरत नाही आणि भरायचा प्रयत्नही करू नये, असा त्याचा सूर आहे. देव ती जागा भरून काढतो असं म्हणणं त्याला साफ खोटं वाटतं. देव ती रिकामीच ठेवतो, म्हणजे दुखलं तरी नातं टिकतं, असं तो सांगतो. नाताळच्या आदल्या रात्री, कोठडीत, ज्याला कोणीतरी दोन गोड शब्द सांगायला हवे होते त्याने हे लिहिलं. 9 एप्रिल 1945 ला फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं.

दुसरी गोष्ट मदर तेरेसांची आणि तिचा एक धागा पुण्यात आहे. 2007 मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जग हबकलं. कोलकात्याचं काम सुरू झाल्यानंतर लवकरच त्यांना देव जाणवेनासा झाला होता. 1958 मधले काही आठवडे सोडले तर ही पोकळी अखेरपर्यंत, म्हणजे 1997 पर्यंत, गेली नाही. बाहेर हसरा चेहरा, आत काही नाही. त्यांनी हे मोजक्या पाद्रींना लिहिलं आणि पत्रं जाळून टाका असंही सांगून ठेवलं. त्या मोजक्यांत एक होते फादर योसेफ नॉयनर, ऑस्ट्रियन जेझुइट, आयुष्यभर पुण्यात धर्मशास्त्र शिकवलेले, शंभरी ओलांडून 2009 मध्ये गेलेले. 1961 च्या सुमारास मदर त्यांच्याशी बोलल्या. त्यांनी काही उपाय सांगितला नाही. यावर माणसाकडे उपाय नाही, हेच आधी सांगितलं. मग म्हणाले की देव जाणवणं हा तो असल्याचा एकमेव पुरावा नव्हे, आणि तुम्हाला त्याची ही जी तहान लागली आहे तीच तो आत असल्याची खूण. ज्याची ओळखच नाही त्याच्यासाठी कोण इतकं तळमळेल? मदरनी उत्तरात कळवलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या अंधारावर माझा जीव जडला आहे. अंधार गेला नाही. तरी पुढची छत्तीस वर्षं त्या त्याच्यासकट कामाला जात राहिल्या.

मानसशास्त्रज्ञ याला वेगळी नावं देतील आणि त्यांचंही ऐकायला हवं. पण रिकाम्या जागेकडे बघायची ही शिस्त किती जुनी आहे, तिच्यासाठी केवढी कविता, संगीत, विधी खर्ची पडले आहेत, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

काकूंनी मला नंतर ईस्टरच्या सकाळी ज्यातून वाचलं जातं ते योहानाचं प्रकरण वाचायला सांगितलं. "पण हळू वाच," म्हणाल्या. हळू वाचल्यावर त्यातलं जे दिसलं ते सांगतो.

मग्दालीया मरीया थडग्याबाहेर रडत उभी आहे. दुःखावर दुःख असं की आता प्रेतही जागेवर नाही. ती वाकून आत बघते. जिथे देह ठेवला होता तिथे दोन देवदूत बसलेले, एक उशाशी, एक पायथ्याशी. मधे काही नाही. योहान काही समजावत बसत नाही, पण दयासनाचं वर्णन ज्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेलं होतं, त्यांना ही आकृती ओळखू आली नसेल असं मला वाटत नाही: दोन टोकांना दोघे, आणि मधली मोकळी जागा.

मरीयाला या सगळ्याशी देणंघेणं नाही. देवदूत दिसूनही ती दचकत नाही. तिला फक्त देह कुठे नेला ते हवंय. ती मागे वळते. तिथे कोणी उभा आहे, तो माळी असावा असं तिला वाटतं. त्यालाही ती तेच विचारते. ज्याला शोधतेय त्यालाच ती त्याच्या देहाचा पत्ता विचारतेय, आणि डोळे पाण्याने भरलेले. मग तो तिला नावाने हाक मारतो. स्पष्टीकरण नाही, सांत्वन नाही, फक्त नाव. आणि योहान लिहितो की ती वळली. पण ती तर आधीच वळली होती! या दुसऱ्यांदा वळण्याने टीकाकारांना शतकानुशतकं कोड्यात टाकलं आहे. काकूंना त्यात कोडं दिसत नाही. त्यांच्या मते पहिल्यांदा पाय वळले होते.

तिच्या तोंडून एकच शब्द निघतो, 'रब्बूनी', माझ्या गुरू. ग्रीक पुस्तकात पुन्हा ती घरची अरामी बोली, क्रुसावर होती तीच. आणि लगेच तो तिला धरून ठेवायला मना करतो. ती निघते, बाकीच्यांना सांगायला जाते. हात रिकामेच.